उतरताना भरलेली, चढताना रिकामी

“गाडी ॲव्हरेज किती देते?” हे आमच्या आण्णांना आजवर हजार जणांनी तरी विचारलं असेल. पंपावर, मार्केटात, लग्नाच्या पंगतीत. आण्णांचं उत्तर ठरलेलं: “कवा? जाताना का येताना?” विचारणारा हसतो. त्याला वाटतं, म्हाताऱ्यानं चेष्टा केली. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मी डिप्लोमा मेकॅनिकल, नोकरी चाकणला, इंजिनाचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात. किलोमीटर भागिले लिटर, आलं उत्तर. त्यात जाताना-येताना कसलं आलंय?

आमचं गाव नारायणगावच्या अंगाला. इथं हंगामात वीस किलोचा टोमॅटोचा क्रेट हेच चलन असतं. माणसं एकरी किती टन पिकलं हे नाही सांगत, किती क्रेट निघाले ते सांगतात. आमचा आणि शेजारपाजारचा माल घेऊन आण्णांची पिकअप रात्री आठ-नऊच्या सुमाराला निघते. ओतूर, मढ, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण, शीळफाटा आणि वाशीचं मार्केट. एका बाजूनं दीडशे किलोमीटर धरा. गाव समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, वाशी खाडीच्या काठाला. म्हणजे आमचा सगळा धंदा उतारावरचा. भरलेली गाडी उतरते आणि रिकामी चढते. हे इतकं डोळ्यांसमोर होतं की माझ्या कधी लक्षातच आलं नाही.

पहिली गाडी आली २००६ मध्ये, मी दहावीत होतो तेव्हा. टाटा एस, म्हणजे छोटा हाथी. ही गाडी आदल्याच वर्षी बाजारात आली होती आणि तिची जाहिरात करायची गरज उरली नव्हती. ज्याच्या दारात उभी राही त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी चार जण बघायला येत. तोवर गावात माल न्यायचा तर टेम्पो. हा टेम्पो शब्दही मजेचा आहे. हँबर्गच्या एका जर्मन कंपनीचं ते नाव. १९५८ पासून फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीनं तिची तीनचाकी इथं बनवायला घेतली, पुढं मॅटाडोर आली, कंपनीनं २००५ मध्ये नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पण मराठीत टेम्पो तो टेम्पोच राहिला. आमची आजी छोट्या हाथीलाही टेम्पोच म्हणायची, नंतरच्या पिकअपलाही. तिच्या हिशेबी ज्याला मागं हौदा तो टेम्पो.

छोट्या हाथीचं इंजिन मी पहिल्यांदा उघडलेलं पाहिलं तेव्हा आत दोनच सिलिंडर. मिस्त्री म्हणाला, “इंडिकाचं इंजिन मधून कापलंय.” मला वाटलं, हा फेकतोय. पुढं डिप्लोमाला असताना आकडे पाहिले. इंडिकाचं डिझेल इंजिन १४०५ सीसी, चार सिलिंडर. एसचं ७०२ सीसी, दोन सिलिंडर. मिस्त्री खरं बोलत होता. नवं इंजिन रेखाटण्यात वर्षं आणि कोट्यवधी रुपये घालण्यापेक्षा आहे ते अर्धं करा, भाग तेच, हत्यारं तीच, मिस्त्र्यांच्या हाताला सवय तीच. घरात भाकरी अर्धी मोडून देतात तितकं साधं. सोळा अश्वशक्ती. माळशेज चढताना रिकामी असूनही ती दुसऱ्या गिअरमध्ये रडायची आणि मागून येणारी एसटी हॉर्न देऊन देऊन थकायची.

२०१२ साली आण्णांनी ती विकून महिंद्राची बोलेरो पिकअप घेतली. आमच्या भागात नुसतं ‘पिकअप’ म्हटलं की हीच. सव्वा टन पासिंगची, म्हणजे कागदोपत्री तेवढाच माल भरायची परवानगी. भरायचे ऐंशी क्रेट. क्रेटसकट बावीस किलोच्या हिशेबानं पावणेदोन टनांच्या पुढं. हे लिहिताना मला लाज वाटायला हवी, आणि थोडी वाटतेही, पण नारायणगावात पासिंगइतकाच माल भरणारी गाडी दाखवा आणि बक्षीस न्या. गाडी घेतल्याच्या दुसऱ्या आठवड्यात आण्णांनी मागचे पाटे, म्हणजे वजन झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवून घेतले होते.

या गाडीच्या इंजिनाचा आकडा माझ्या डोक्यात पक्का बसला आहे: २५२३ सीसी. सिलिंडरचा व्यास ८८.९ मिलिमीटर, पिस्टनची धाव १०१.६ मिलिमीटर. असले अपूर्णांक कोणी मेट्रिकमध्ये विचार करून काढत नाही. इंचात करून बघा: साडेतीन इंच आणि चार इंच, अगदी चोख. महिंद्रांनी १९६३ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली, त्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातली ही मापं. बापाचा सदरा मुलाला होतो तशी ती पन्नास वर्षं पुढच्या पिढ्यांना होत आली. म्हणून या गाडीला पळायची घाई नसते. शक्ती सत्तर अश्वांच्याही आत, पण मिनिटाला पंधराशेच्या आसपास फेऱ्यांतच तिचा सगळा जोर हजर. आण्णा गाडी घेताना शोरूममध्ये म्हणाले होते, “आवाज ट्रॅक्टरसारखा येतोय.” विकणारा पोरगा ओशाळला. आण्णा ते कौतुकानं म्हणाले होते.

डिझेल इंजिन कसं चालतं हे मी आण्णांना एकदा समजावून सांगितलं होतं. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचा उत्साह. अठरा वाट्या हवा कोंबून एका वाटीत बसवायची. एवढी दाबली की ती आपोआप तापते, पाचशे अंशांच्या वर जाते. मग त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडायचा. ठिणगी लागत नाही, स्पार्क प्लग नाही. फवारा हवेला भेटला की पेटतो. आमच्या कारखान्यात आज मी हा फवारा सोडणाऱ्या ज्या नोझलची भोकं तपासतो ती मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढी. ती झिजली, वाकडं फवारायला लागली, की सायलेन्सरमधून काळा धूर आणि वहीत डिझेलचा आकडा, दोन्ही वाढतात.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरला या कल्पनेचं पेटंट १८९३ मध्ये मिळालं आणि चालतं इंजिन १८९७ मध्ये ऑग्सबुर्गला उभं राहिलं. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात असलं एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. हे ऐकल्यावर आण्णांनी पहिल्यांदा मान वर केली. “घाण्याचं?” म्हणाले. आणि मग, “परवडलं कसं?”

पण मला सांगायची होती ती गोष्ट वेगळी. पेट्रोलच्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडला की हवेच्या वाटेवरची झडप बंद होत जाते. इंजिन कमी हवा घेतं, त्याच मापानं कमी पेट्रोल घेतं, आणि अर्धवट मिटलेल्या तोंडानं श्वास ओढताना दमतंही. जुन्या सरळ डिझेल इंजिनात हवेला झडपच नसते. गाडी भरलेली असो, रिकामी असो, चढावर असो, उभी असो, प्रत्येक वेळी छाती भरून श्वास. बदलतो तो डिझेलचा घास. काम जास्त तर घास मोठा, काम थोडं तर चिमूटभर. श्वास पुरा, घास कामापुरता. रिकामं उभं असलं तर दुधाच्या चहाएवढंही खात नाही. पेट्रोल आणि डिझेलच्या ॲव्हरेजमध्ये फरक पडतो त्याचं हे एक मोठं कारण.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजी रिकामी गाडी कमी खाती.”

“हो.”

“न्हाय खात. तू येऊन बघ.”

तर एका डिसेंबरात मी गेलो. नोकरी लागून दोन वर्षं झाली होती, कंपनीला सुट्टी होती. गावातून निघताना पंपावर टाकी अगदी गळ्यापर्यंत भरली. नोझल कट झाल्यावरही आण्णांनी पोराला थांबवून, गाडी हलवून, फेस बसू देऊन पुन्हा चार ठेंब टाकायला लावले. वाशीत माल उतरवला, पहाटे परत निघायच्या आधी तशीच भरली. गावात आल्यावर तशीच. जाताना तेरा लिटर आणि काही मिली. येताना अकरा.

मी तो आकडा मोबाइलवर तीनदा करून बघितला. जाताना गाडी सव्वातीन टनांच्या वर होती. येताना रिकामे क्रेट आणि आम्ही दोघं धरून निम्म्याला थोडी जास्त. वजन निम्मं झालं आणि डिझेल फक्त दोन लिटरनं कमी. आण्णा काही बोलले नाहीत. सीटच्या मागच्या खणातून वही काढली, ओठात धरून पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं: १३ / ११.

नंतर कागदावर बसून मी हिशेब मांडला तेव्हा सगळं जुळत गेलं. रिकाम्या गाडीचं चाकांवरचं ओझं कमी होतं हे खरं, पण वारा काही वजन बघत नाही. उघडा हौदा, सरळ उभी केबिन. गाडी भरलेली असो वा नसो, साठच्या वेगाला हवा तितकीच अडवते. उलट भरलेल्या गाडीवर ताडपत्री ताणलेली असते, रिकाम्या हौद्यात वारा घुमतो. इंजिन स्वतःच्या अंगातल्या घर्षणाला घालायचं ते घालतंच. शीळफाट्याची गर्दी दोन्हीकडून तीच. आणि मग घाट. सतराशे किलोची गाडी साडेसहाशे मीटर वर उचलायला लागणारी ऊर्जा काढली. एक लिटर डिझेलमधली साधारण तीस टक्के ऊर्जा चाकांपर्यंत पोचते असं धरलं. उत्तर आलं जवळजवळ बरोबर एक लिटर. हौद्यात काही नसताना नुसतं लोखंड घरी आणायला एक लिटर. क्रेटवाला वाशीत पैसे देतो ते क्रेट खाली नेल्याचे. हे वर चढवल्याचे कोणी देत नाही.

मी हिशेब केला तेव्हा डिझेल नव्वदच्या आसपास होतं. चोवीस लिटर, एकवीसशे साठ रुपये, ऐंशी क्रेट. क्रेटमागं सत्तावीस रुपयांचं डिझेल, आणि त्यातले बारा परत येतानाचे. २०२३ च्या जुलैत नारायणगावात एक क्रेट दोन हजारांच्या पुढं गेला होता. तेव्हा या सत्तावीस रुपयांकडं बघायला कोणाला वेळ नव्हता, लोक शेतात राखणीला झोपत होते. आणि क्रेट शंभरालाही जात नाही असे दिवस आम्ही किती पाहिलेत. तेव्हा याच सत्तावीस रुपयांपायी माल तोडायचा की झाडावर सडू द्यायचा हे ठरतं. डिझेलला टोमॅटोचा भाव माहीत नसतो.

आता घाटाचं सांगतो. ती गोष्ट माझ्या फजितीची आहे, पण सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

पिकअप आली त्याच वर्षीची. लायसन्स नवं, मिसरूड नवी. आण्णांना ताप होता, ते शेजारच्या सीटवर कांबळं पांघरून झोपलेले, गाडी माझ्या हातात, मागं ऐंशी क्रेट. मार्केटातल्या पोरांकडून ऐकलं होतं की उताराला गाडी न्यूट्रल केली की डिझेल वाचतं. मढ सोडलं, घाटमाथा आला, आणि मी न्यूट्रल केली. इंजिन एकदम शांत, गाडी पाण्यावर चालल्यासारखी. पहिल्या दोन वळणांना मला मी फार हुशार वाटलो. तिसऱ्या वळणाला ब्रेक पॅडल जरा खोल गेलं. चौथ्याला आणखी खोल. मग तो वास आला. ब्रेकचे लायनर जळल्याचा वास ज्यानं घेतला आहे त्याला तो वेगळा सांगावा लागत नाही. केस जळल्यासारखा, वर रबराचा. आण्णा वासानं जागे झाले. ओरडले नाहीत. म्हणाले, “रेस दे. तिसरा टाक. आता दुसरा.” गिअर कडकडत पडला, इंजिन किंचाळलं, गाडीनं मान खाली घातली आणि आम्ही बोगद्याच्या अलीकडं कडेला थांबलो. मागच्या चाकांतून धूर येत होता. मी पाण्याचा कॅन घेऊन पळालो तर त्यांनी हात धरला. “तापल्या ड्रमावर पानी? तडकंल त्यो.”

तासभर बसलो. खाली कोकणात दिवे लुकलुकत होते. थंडी होती. आण्णांनी बिडी पेटवली आणि एवढंच म्हणाले, “गिअरमधी उतरणारी गाडी काय खात न्हाय लेका.”

ते त्यांना कोणी शिकवलं होतं मला माहीत नाही, पण शब्दन् शब्द खरं आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की चाकंच इंजिनाला फिरवतात. इंजिनाला डिझेल मोजून देणाऱ्या पंपाचा गव्हर्नर डिझेल पूर्ण बंद करतो. घास शून्य. न्यूट्रल केली तर इंजिनाला स्वतःच्या जिवावर जिवंत राहावं लागतं, म्हणजे थोडं का होईना, खावं लागतं. पोरं डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात आणि उलट जाळतात. काही महाभाग तर चावीच बंद करतात. डिझेल इंजिनात हवेला झडप नाही म्हणून ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला, लागणारी हवेची ओढही तिथून मिळत नाही. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, बहुतेक गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला. इंजिन थांबलं की तो थांबला. मग दोन-तीनदा ब्रेक दाबेपर्यंतची शिल्लक, पुढं पॅडल दगडासारखं.

आणि एक गोष्ट त्या रात्री मला कळली नव्हती, नंतर कळली. सव्वातीन टनांची गाडी साडेसहाशे मीटर खाली येते तेव्हा तिच्यातली सगळी उंची कुठं तरी जावी लागते. काही वाऱ्याला जाते, काही इंजिनाला फिरवण्यात जाते, उरलेली ब्रेकच्या ड्रममध्ये. तो धूर म्हणजे आमच्या गावाची उंची जळत होती. शेतकऱ्यानं माल पिकवला तोच मुळी सातशे मीटर वर. ती उंची फुकट मिळालेली, आणि आम्ही ती दररोज माळशेजच्या वळणांवर जाळून रिकाम्या हातानं, विकत घेतलेल्या एका लिटरवर, पुन्हा वर येत होतो.

वहीबद्दल थोडं. २००६ पासूनच्या अशा नऊ वह्या आहेत. पहिल्या वहीत डिझेल चाळिशीच्या आत आहे आणि त्याचा भाव दर खेपेला लिहिलेला नाही, कारण तो महिनोन्महिने तोच असे. सरकार ठरवायचं, वाढवलं की पेपरात यायचं, विरोधक बैलगाडीतून मोर्चे काढायचे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलच्या किमती सरकारनं मोकळ्या सोडल्या. गंमत म्हणजे त्या दिवशी भाव तीन रुपयांहून जास्त उतरला होता, त्यामुळं कोणी ओरडलं नाही. १६ जून २०१७ पासून भाव रोज सकाळी बदलायला लागला. तिथून वहीत एक नवा रकाना दिसतो. पैशांतले आकडे, दहा पैसे, चौदा पैसे. महिनाभर आण्णांनी ते इमानेइतबारे लिहिले, मग कंटाळून पुन्हा पुरे रुपये लिहायला लागले.

२०२० च्या मे महिन्याचं पान मला लख्ख आठवतं. भाजीपाला चालू होता, रस्ते मोकळे, घाटात माकडांशिवाय कोणी नाही. जगात कच्चं तेल मातीमोल झालं होतं आणि आम्हाला वाटत होतं आता डिझेल पडणार. केंद्रानं डिझेलवरचं उत्पादन शुल्क एका फटक्यात १३ रुपयांनी वाढवलं आणि पंपावरचा आकडा जागचा हलला नाही. स्वस्ताई आली ती दिल्लीतच उतरली, जुन्नरपर्यंत पोचली नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत डिझेलनं शंभरी गाठली. वहीत त्या तारखेला १०० लिहून त्याभोवती गोल केलेला आहे, परीक्षेत मार्क देतात तसा. भाडं मात्र क्रेटमागं हंगामाच्या सुरुवातीला ठरतं. एकदा ठरलं की डिझेल नव्वद होवो, शंभर होवो, शेजाऱ्याला कोण सांगणार?

या सगळ्यावर आण्णांकडं उपाय एकच होता, आणि तो इंजिनाचा नव्हता. रिकामं यायचं नाही.

बोलायला सोपं आहे. रिकामे क्रेट परत आणावेच लागतात, निम्मा हौदा त्यांनीच अडतो. उरलेल्या जागेत बटाट्याची पोती, कधी नारळ, भिवंडीच्या गोदामातून कोणाचं किराणा सामान. पण वाशीत परतीचं भाडं मिळवायला दुपारपर्यंत थांबावं लागतं आणि संध्याकाळी पुन्हा गाडी भरायची असते. त्यामुळं बहुतेक वेळा यायचं ते माणसांचं सामान, आणि माणसांच्या सामानाचे आण्णा पैसे घेत नसत. जुन्नर-आंबेगावची अर्धी माणसं मुंबईला. कोणी डबेवाला, कोणी मार्केटात माथाडी. त्यांच्याकडून गावाला काही पोचवायचं असलं की आण्णांना फोन. जुना फ्रीज. पोराची सायकल. गणपतीची मखरं. एकदा एक शिलाई मशीन, तिच्या पायाला कापडी पट्टीनं बांधलेली कात्री.

आईचे चुलत भाऊ, आम्ही त्यांना मामाच म्हणायचो, वाशीत पाठीवर पोती वाहून निवृत्त झाले तेव्हा त्यांना आणायला मी गेलो होतो आण्णांबरोबर. कोपरखैरण्याची खोली रिकामी केली. एक लोखंडी खाट, एक ट्रंक, स्टोव्ह, गाद्यांची वळकटी, आणि तीस वर्षांत जमवलेल्या प्लॅस्टिकच्या बरण्या, एकीत दुसरी घातलेल्या. हौदा निम्माही भरला नाही. मामा केबिनमध्ये बसायला तयार होईनात. मागं खाटेवर बसले, ताडपत्री अंगाभोवती घेऊन. मुरबाड सोडल्यावर चहाला थांबलो तर म्हणाले, “तीस वर्सं ह्याच गाडीतून माल उतरवला रं, वर जाताना कदी बसलो न्हवतो.” ही गाडी तीस वर्षांची नव्हती, पण मी काही बोललो नाही. आण्णांनी त्या दिवशीच्या वहीत परतीच्या रकान्यात लिहिलं: खाट. पुढं भाड्याच्या जागी शून्य नाही, नुसती रेघ.

येतानाचं डिझेल त्या दिवशी साडेअकरा लागलं होतं.

गेल्या दिवाळीत मी आण्णांना विजेच्या गाडीबद्दल सांगत होतो. आमच्या कारखान्यात आता सगळ्यांना तीच काळजी आहे. विजेच्या मोटरला नोझल लागत नाही. २०२२ मध्ये टाटांनी छोटा हाथी विजेवर आणला, ६०० किलो वजन, एका चार्जिंगला १५४ किलोमीटर असा कंपनीचा दावा. ६०० किलो म्हणजे आमचे सत्तावीस क्रेट, आणि वाशीला पोचेपर्यंत बॅटरी संपलेली. आज तरी आमच्या कामाची नाही. पण मी त्यांना वेगळंच सांगत होतो. विजेची गाडी उतरते तेव्हा मोटरच जनरेटर होते आणि ब्रेकमध्ये जळणारी ऊर्जा बॅटरीत परत जाते. स्वित्झर्लंडमध्ये बील गावाजवळ एका खाणीत असा एक प्रचंड डंपर आहे. रिकामं वजन ४५ टन. डोंगरावरून ६५ टन दगड भरून उतरतो, उतरताना बॅटरी भरते, आणि त्याच विजेवर रिकामा वर चढतो. मी माळशेजचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. ऐंशी क्रेट भरून गाडी घाट उतरली तर त्या उतारात सहा युनिट वीज दडलेली आहे. निम्मी हाताला लागली तरी तीन. रिकामी गाडी परत वर चढवायला साधारण साडेतीन. सपाटीचा रस्ता आणि वारा यांचा खर्च वेगळा, पण घाटाचा घाटात जवळजवळ फिटला. तो एक लिटर गेला. मी आणखीही बोललो असणार, कारण आई आतून म्हणाली, फराळ थंड होतोय.

आण्णा कागद लांब धरून बघत होते. चष्मा नव्हता. आकडे त्यांनी वाचले असतील असं वाटत नाही, पण बाण त्यांना दिसत होते. खाली येणारा जाड, वर जाणारा बारीक.

“लई झाक हाय,” म्हणाले. कागद घडी घालून वहीत ठेवला. मग जरा वेळानं, चकली मोडता मोडता: “पर मंग येताना रिकामंच यायला लागंल?”